मंगळाला विचारलेला प्रश्न : व्हायकिंगच्या जीवशोधक पेटीचा इतिहास

अवकाशमोहिमांविषयी आपल्याकडे जे लेखन होते त्यात अग्निबाण असतो, उड्डाणाचा क्षण असतो, नियंत्रणकक्षातील टाळ्या असतात. त्या अग्निबाणाच्या टोकावर बसून जी उपकरणे जातात त्यांच्याविषयी मात्र एखाददुसऱ्या वाक्यापलीकडे काही वाचावयास मिळत नाही. वस्तुतः सारा खटाटोप त्या उपकरणांसाठीच केलेला असतो. अग्निबाण हा टपालवाला. पत्र उपकरणात असते. त्या पत्रात काय लिहावे, कोणत्या भाषेत लिहावे, आणि उत्तर आलेच तर ते कसे वाचावे, या तीन गोष्टींवर माणसे वर्षानुवर्षे भांडतात, झिजतात, क्वचित प्राणही गमावतात. अशाच एका उपकरणाचा इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी तो का वाचावा, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, अर्थनिर्णयनाचा जो पेच आपण कवितेपुढे किंवा कादंबरीपुढे अनुभवतो, तोच पेच येथे धातू, काच आणि मूठभर माती यांच्या रूपाने उभा राहतो. 'उपकरण' या शब्दातील 'करण' पाहा. क्रियेच्या सिद्धीत ज्याचे साहाय्य सर्वाधिक त्या कारकाला पाणिनीने करण म्हटले आहे, आणि न्यायदर्शनात यथार्थ ज्ञानाच्या करणालाच प्रमाण ही संज्ञा आहे. म्हणजे साधनाचा विचार हा आपल्या परंपरेत ज्ञानाच्या विचाराहून वेगळा नव्हता. साधन कोणते निवडले यावर काय कळणार हे पुष्कळसे ठरते. व्हायकिंग मोहिमेची जीवशोधक पेटी हे त्याचे विसाव्या शतकातील एक ठळक उदाहरण होय.

१.

१९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुतनिक सोडला आणि अमेरिकेत जी खळबळ माजली, तीत काही जीवशास्त्रज्ञांची चिंता निराळीच होती. सूक्ष्मजंतूंच्या आनुवंशिकीतील कामाबद्दल १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे जोशुआ लेडरबर्ग यांना वाटत होते की, घाईघाईने सोडलेली याने आपल्याबरोबर पृथ्वीवरचे जंतू नेतील आणि परग्रहावर मूळचे काही होते की नाही हे मग कधीच कळणार नाही. पृथ्वीबाहेरील जीवनाच्या अभ्यासाला 'एक्झोबायॉलॉजी' हे नाव त्यांनीच दिले. जिच्यापाशी अभ्यासाचा एकही नमुना नाही अशी ही विद्याशाखा, अशी तिची थट्टा होत असे. थट्टेत तथ्य होते. पण नमुना नाही म्हणून प्रश्न उरत नाही असे थोडेच आहे?

नासाची स्थापना १९५८ ची. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, या संस्थेने जीवशास्त्रीय संशोधनासाठी आपले पहिले अनुदान दिले. रक्कम होती ४,४८५ डॉलर आणि ते मिळाले होते वुल्फ विश्नियाक यांना. १९२२ मध्ये बर्लिनमध्ये जन्मलेले विश्नियाक हिटलरच्या छायेतून निसटून अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबातले. पुढे ते रॉचेस्टर विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचे वडील रोमन विश्नियाक हे पूर्व युरोपातील ज्यू वस्त्यांचे, त्या नष्ट होण्याच्या काही वर्षे आधी, छायाचित्रण करणारे म्हणून आज जगाला ठाऊक आहेत. सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेण्यातही त्यांचा हातखंडा होता. जे डोळ्यांना दिसत नाही किंवा लवकरच दिसेनासे होणार आहे ते टिपून ठेवावे, हा संस्कार मुलाला घरातच मिळाला असावा असे मानावयास जागा आहे.

पृथ्वीवरील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञापुढे माती आली की तो काय करतो? ती कसदार द्रवात मिसळतो, उबेला ठेवतो आणि वाट पाहतो. जंतू असतील तर वाढतात, द्रव गढूळ होतो, त्याची आम्लता बदलते. विश्नियाकांनी हीच कृती यंत्राच्या स्वाधीन करावयाचे ठरवले. त्यांच्या यंत्रात मंगळाची माती द्रवात पडावयाची आणि त्या द्रवातून आरपार जाणारा प्रकाश गढूळपणामुळे किती विखुरतो हे एका प्रकाशसंवेदकाने मोजावयाचे, अशी योजना होती. 'वुल्फ' म्हणजे लांडगा. म्हणून सहकाऱ्यांनी या यंत्राला 'वुल्फ ट्रॅप', लांडग्याचा सापळा, असे नाव दिले.

त्याच सुमारास गिल्बर्ट लेव्हिन नावाचे एक स्वच्छता अभियंता याच प्रश्नाकडे दुसऱ्या वाटेने आले. पिण्याच्या पाण्यात दूषित जंतू आहेत की नाहीत हे दिवसांऐवजी तासांत कसे कळेल, हा त्यांचा नगरपालिकेच्या पातळीवरचा प्रश्न. त्यांनी युक्ती काढली ती अशी : जंतूंच्या अन्नात किरणोत्सारी कार्बन घालावा. जंतूंनी ते अन्न खाल्ले तर त्यांच्या उच्छ्वासातील वायूही किरणोत्सारी असणार, आणि तो गायगर गणकाला सहज टिपता येणार. ही पद्धत मंगळावर नेण्यासाठी त्यांनी जे पहिले यंत्र रचले ते चिकट लेप दिलेल्या दोऱ्या दूर फेकी आणि धुळीसकट परत गुंडाळून घेई. त्याचे नाव 'गलिव्हर'. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ च्या ग्रंथातला हा प्रवासी आपल्या वाचकांना परिचित आहे. त्याच ग्रंथात मंगळाला दोन चंद्र असल्याचा उल्लेख आहे आणि ते प्रत्यक्षात सापडले १८७७ मध्ये, हा योगायोगही अनेकांना माहीत असेल. लांडग्याचा सापळा आणि गलिव्हर! परक्या भूमीविषयी यंत्र बनवताना माणसाला आधी कथा आठवते, हे येथे नोंदवून ठेवू.

२.

व्हायकिंग मोहिमेसाठी अखेर चार जीवशास्त्रीय प्रयोग निवडले गेले. या चारही प्रयोगांचा विषय एकच असला तरी प्रत्येकाच्या मनातला मंगळ निराळा होता, आणि हे भेद यंत्रांच्या रचनेत उतरले होते.

व्हान्स ओयामा यांचा मंगळ भुकेला होता. त्यांच्या प्रयोगात माती आधी दमट हवेत आणि नंतर नाना पोषकद्रव्यांनी युक्त अशा रसात ठेवावयाची आणि वरच्या हवेतील वायू कसे बदलतात ते पाहावयाचे. या रसाला सहकारी 'कोंबडीचे सूप' म्हणत. लेव्हिन आणि त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया स्ट्राट यांचा मंगळ अल्पाहारी होता : अर्धा घन सेंटिमीटर माती आणि तीवर सात साध्या सेंद्रिय संयुगांच्या सौम्य द्रावणाचे जेमतेम दोन थेंब. नॉर्मन होरोविट्झ यांचा मंगळ कोरडा होता. पाणी हीच तेथील जीवाला विषासमान ठरेल, अशी त्यांची भूमिका. म्हणून त्यांनी मातीला मंगळाचीच हवा आणि सूर्यप्रकाशासारखा दिव्याचा प्रकाश देऊन, हवेतील किरणोत्सारी कार्बन कोणी आपल्या देहात सामावून घेते काय, हे तपासण्याचे ठरवले. चौथा प्रयोग विश्नियाकांचा. त्यांचा मंगळ ओला होता.

या चौघांच्या बाहेर उभा राहून एक पाचवा माणूस सांगत होता की, मंगळावर उतरण्याचीच गरज नाही. जेम्स लव्हलॉक हे ब्रिटिश शास्त्रज्ञ १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीसाठी काम करीत होते. त्यांचे म्हणणे, जेथे जीवन असते तेथील वातावरण रासायनिक दृष्ट्या अस्वस्थ असते. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू आणि मिथेन एकत्र नांदतात ते जीव त्यांची सतत भर घालतात म्हणून. मंगळाची हवा बहुतांशी कार्बन डायऑक्साइडची, जवळजवळ समतोल साधलेली. तेव्हा मातीला विचारण्याआधी हवेला विचारा, आणि हवेने उत्तर दिलेलेच आहे. या विचारातून पुढे त्यांची 'गाया' संकल्पना जन्मली. व्हायकिंगच्या योजनेला मात्र त्याचा उपसर्ग पोहोचला नाही.

आता पेटीविषयी. टीआरडब्ल्यू या कंपनीकडे तिचे काम होते. सुमारे एक घनफूट जागा, सुमारे साडेपंधरा किलो वजन आणि त्यात जवळपास चाळीस हजार सुटे भाग. एरवी विद्यापीठाच्या दोन-तीन खोल्या लागतील एवढी प्रयोगशाळा ट्रंकेच्या कोपऱ्यात मावेल अशा आकारात बसवावयाची होती. तीत इवल्याशा भट्ट्या होत्या, आज्ञा मिळताच फुटणाऱ्या काचेच्या कुप्या होत्या, वायूंच्या टाक्या, झडपा, किरणोत्सार मोजणारे संवेदक आणि झेनॉनचा दिवा होता. हे सारे निर्जंतुक असणे अनिवार्य होते. कारण पृथ्वीवरचा एक जंतू आत राहिला तरी तो मंगळवासी म्हणून मिरवला असता. म्हणून उड्डाणापूर्वी संपूर्ण अवतरणयान बंद कवचात ठेवून सुमारे ११२ अंश सेल्सियस तापमानाला तीस तासांच्या आसपास भाजले गेले. जे यंत्र जीव शोधणार त्यालाच आधी जीवाचा अंशही उरणार नाही असे शिजवून काढावयाचे, आणि तरीही त्याची एकही तार, एकही कुपी बिघडता कामा नये, ही अट अभियंत्यांना किती महाग पडली असेल याची कल्पना करावी. प्रकल्पाचे व्यवस्थापक जेम्स मार्टिन यांनी सर्वांत बिकट दहा अडचणींची एक यादी चालू ठेवली होती. जीवशोधक पेटी त्या यादीत वारंवार असे. खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट वाढला.

वाढता खर्च, वजन आणि गुंतागुंत यांपायी १९७२ मध्ये चारांपैकी एक प्रयोग गाळण्याचा निर्णय झाला. गाळला गेला तो विश्नियाकांचा. मंगळ कोरडा असल्याचे तोवर स्पष्ट होत चालले होते आणि भरपूर पाण्यात माती बुडवणारा प्रयोग त्या मंगळाला सर्वांत कमी शोभणारा होता. तर्क म्हणून हा निर्णय समजण्याजोगा आहे. ज्या माणसाने बारा-तेरा वर्षे त्या यंत्रापायी वेचली त्याच्या बाजूने पाहिले तर तो तेवढा सोपा राहत नाही.

३.

प्रयोग गेला, पण प्रश्न गेला नव्हता. अंटार्क्टिकातील कोरड्या दऱ्या हा पृथ्वीवरचा मंगळाशी सर्वाधिक जुळणारा प्रदेश. तेथे बर्फ साठत नाही. थंडी आणि शुष्कता एवढी की, तेथील काही ठिकाणच्या मातीत वाढवता येण्याजोगा एकही जंतू सापडत नाही, असा निष्कर्ष होरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला होता. याचा अर्थ, पृथ्वीवरच जीव जेथे हरतो तेथून कितीतरी अधिक कठोर अशा मंगळावर तो असण्याची आशा धरू नये. विश्नियाकांना हे मान्य नव्हते. जंतू सापडले नाहीत याचा अर्थ जंतू नाहीत असा होत नाही. शोधण्याची रीत त्या जंतूंना मानवणारी नसेल, असे त्यांचे म्हणणे. प्रयोगशाळेत आणून माती तपासण्याऐवजी त्यांनी काचपट्ट्या आणि पोषकद्रव्ये तेथील मातीतच ठेवली आणि तेथल्या तेथे वाढ होते का ते पाहिले. वाढ होत असल्याचे त्यांना दिसले.

हे काम पुरे करण्यासाठी ते पुन्हा अंटार्क्टिकात गेले. १० डिसेंबर १९७३ रोजी ॲसगार्ड पर्वतरांगेत, आपण मांडून ठेवलेले नमुने गोळा करावयास ते एकटे निघाले. परतले नाहीत. बर्फाळ उतारावरून कोसळून त्यांचा मृत्यू झाल्याचे नंतर आढळले. वय होते ५१. मुलगा गेल्यानंतर वडील सोळा वर्षे जगले.

विश्नियाकांच्या पत्नी हेलन विश्नियाक याही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञच. अंटार्क्टिकाच्या मातीतील यीस्टचा अभ्यास त्यांनी पुढे चालू ठेवला आणि तेथील एका नव्या जातीला विश्नियाक हे नाव मिळाले. दुसरी गोष्ट अधिक दूरगामी ठरली. इम्रे फ्रीडमन हे संशोधक खडकांच्या आत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा मागोवा घेत होते. विश्नियाकांनी त्यांच्यासाठी अंटार्क्टिकातील खडकांचे तुकडे आणविण्याची व्यवस्था केली होती आणि ते तुकडे त्यांच्या मृत्यूनंतर फ्रीडमन यांच्या हाती पोहोचले. त्या खडकांच्या पृष्ठभागाखाली, काही मिलिमीटर आत, जिवंत सूक्ष्मजीवांचा हिरवा थर होता. जी माती निर्जीव ठरवली गेली होती तिच्या शेजारच्या दगडात जीवन सुरक्षित बसले होते. फ्रीडमन यांचा हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला १९७६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी व्हायकिंगची पेटी मंगळावर माती उकरीत होती त्याच वर्षी. व्हायकिंगच्या यांत्रिक हाताला माती उचलता येत होती, लहानसा दगड ढकलून त्याखालची मातीही काढता येत होती. दगड फोडून आत पाहण्याची सोय त्यात नव्हती. तो प्रश्न कोणाला सुचलाच नव्हता.

४.

व्हायकिंग-१ मंगळावर उतरले ते २० जुलै १९७६ रोजी, क्रायसी मैदानावर. अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त ४ जुलैला उतरावे असा बेत होता, पण ठरलेली जागा छायाचित्रांत खडबडीत दिसल्याने तो सोडावा लागला. व्हायकिंग-२ ३ सप्टेंबरला युटोपिया मैदानावर उतरले. माती उचलणारा हात प्रथम एका खिळीमुळे अडकला. मंगळाहून पृथ्वीवर संदेश यावयास सुमारे एकोणीस मिनिटे लागत होती. एवढ्या अंतरावरून आज्ञा पाठवून हात जरा अधिक लांबवला, खिळी खाली पडली, आणि ती मातीत पडलेली असल्याचे छायाचित्र आल्यावर सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. २८ जुलैला पहिली माती पेटीत पडली.

उत्तरे भराभर आली आणि ती कोणाच्याच अपेक्षेप्रमाणे नव्हती. ओयामांच्या प्रयोगात माती नुसती दमट होताच प्राणवायू भसकन बाहेर पडला. पण आधी तापवून घेतलेल्या मातीतूनही तो येतच राहिला. जीव असता तर तापवल्यावर मेला असता. ओयामांनी स्वतःच पुढे याचे रासायनिक स्पष्टीकरण मांडले. होरोविट्झ यांच्या प्रयोगात पहिल्या खेपेस क्षीण होकार आला, पण तो पुन्हा तसा मिळाला नाही.

लेव्हिन यांच्या प्रयोगाची गोष्ट वेगळी. द्रावणाचे थेंब पडताच किरणोत्सारी वायू बाहेर येऊ लागला आणि गणकावरील नोंद मिनिटाला सुमारे दहा हजारांपर्यंत चढली. मग नियमाप्रमाणे मातीचा दुसरा वाटा १६० अंशांवर तीन तास तापवून तोच प्रयोग केला : प्रतिसाद जवळजवळ शून्य. व्हायकिंग-२ वर केवळ पन्नास अंशांच्या आसपास तापवल्यावरही प्रतिसाद बराच मंदावला. होकाराची जी कसोटी उड्डाणापूर्वी ठरली होती ती हीच : साध्या मातीचा प्रतिसाद यावा, तापवलेल्या मातीचा येऊ नये. कसोटी पुरी झाली होती.

आणि तरीही होकार मानला गेला नाही. त्याची दोन कारणे होती. एक, द्रावणाचे थेंब दुसऱ्यांदा टाकल्यावर नवा वायू आला नाही. उलट असलेलाच काही अंशी कमी झाला. वाढणारे जंतू असे वागत नाहीत. दुसरे कारण निर्णायक ठरले. यानावर या पेटीखेरीज क्लाउस बीमन यांचे एक स्वतंत्र उपकरण होते. ते माती ५०० अंशांपर्यंत तापवून तीतील सेंद्रिय रेणू ओळखत असे. त्याला एक अब्जांश इतक्या सूक्ष्म प्रमाणापर्यंत शोधूनही मंगळाचे म्हणता येईल असे सेंद्रिय द्रव्य मिळाले नाही. मिळाली ती क्लोरीनयुक्त दोन साधी संयुगे, आणि ती उपकरण धुताना वापरलेल्या द्रावकांचे अवशेष असावेत असे मानले गेले. देहच नाहीत तर जीव कोठून, हा युक्तिवाद खोडून काढणे कठीण होते. मंगळाच्या मातीत एखादे तीव्र ऑक्सिडीकारक रसायन असून तेच जीवाची नक्कल करते, हा अर्थ रूढ झाला. होरोविट्झ यांनी तो पुढे आपल्या पुस्तकात ठामपणे मांडला. लेव्हिन यांनी तो अखेरपर्यंत स्वीकारला नाही. कसोटी आधी ठरवून, ती पुरी झाल्यावर बदलणे न्याय्य नाही, असे ते म्हणत राहिले. २०२१ मध्ये, ९७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

५.

येथवरची हकीकत एका हट्टी शास्त्रज्ञाची आणि शहाण्या बहुमताची म्हणून वाचता आली असती. पण २००८ मध्ये तिला वळण मिळाले. त्या वर्षी फिनिक्स यान मंगळाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात उतरले. त्याच्या ओल्या रसायनांच्या प्रयोगशाळेत, मुख्यतः नायट्रेट टिपण्यासाठी ठेवलेल्या एका विद्युदग्राने इतका प्रचंड संकेत दिला की नायट्रेटने त्याची संगती लागेना. ते परक्लोरेट होते. विचारले एक, उत्तर आले दुसरेच. मात्र या वेळी उपकरण त्या अनपेक्षित उत्तरालाही कान देण्याइतके मोकळे होते.

परक्लोरेट थंड मातीत स्वस्थ असते. तापवले की ऑक्सिडीकरण करून सेंद्रिय द्रव्ये जाळून टाकते. २०१० मध्ये राफाएल नवारो-गोन्सालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीमधील अटाकामा वाळवंटाची, सेंद्रिय द्रव्य असलेली माती परक्लोरेट मिसळून तापवली, तेव्हा क्लोरीनयुक्त तीच दोन संयुगे निघाली. मंगळावरील सेंद्रिय द्रव्य शोधण्यासाठी जी भट्टी पेटवली तिनेच ते द्रव्य नष्ट केले असावे आणि उरलेली राख आपण धुलाईचा डाग समजून बाजूला सारली असावी, ही शक्यता तेव्हापासून गांभीर्याने घेतली जाते. क्युरिऑसिटी या फिरत्या यानाने पुढे गेल क्रेटरच्या प्राचीन चिखलदगडात सेंद्रिय रेणू असल्याचे दाखवून दिले आहे.

म्हणून लेव्हिन जिंकले काय? तसेही नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की, किरणोत्साराचा मारा झालेल्या परक्लोरेटमधून निर्माण होणारी द्रव्ये लेव्हिन यांच्या प्रयोगासारखाच प्रतिसाद देऊ शकतात. म्हणजे नकाराचा मुख्य आधार डळमळला, पण होकार सिद्ध झाला नाही. १९७६ चे तेच आकडे आज तिसऱ्यांदा वाचले जात आहेत. संहिता बदललेली नाही; तिच्या भोवतीचा कोश बदलला आहे. एखाद्या शब्दाचा लुप्त अर्थ शिलालेखात सापडावा आणि जुन्या ओवीचा सर्वमान्य अन्वय मोडावा, तसे हे झाले.

याचा व्यवहारातील परिणाम नोंदवण्याजोगा आहे. व्हायकिंगनंतर आजवर एकाही यानाने मंगळाच्या मातीला 'तू जिवंत आहेस काय' हा प्रश्न थेट जीवक्रियेच्या पातळीवर विचारलेला नाही. पुढच्या मोहिमांनी विचारले ते असे : येथे पाणी होते काय? येथे जीव राहू शकला असता काय? त्याच्या खुणा उरल्या असतील काय? हे प्रश्न अधिक सावध आहेत आणि त्यांची उत्तरेही अधिक भरवशाची मिळाली. तरी एका संदिग्ध उत्तराने एक प्रश्न अर्ध्या शतकाकडे विचारण्याच्या बाहेर ठेवला, ही गोष्ट उरतेच.

या संदर्भात आपल्या जवळचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. आपले कथाकार आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून महाकाय फुगे सोडून, २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेत सूक्ष्मजीव आहेत काय याचा शोध घेण्यात आला. इस्रोने त्यासाठी जे उपकरण पाठवले त्यात द्रवरूप निऑनने थंड केलेल्या, निर्जंतुक पोलादी नळ्या होत्या. विशिष्ट उंचीवर झडप उघडून हवा आत ओढावयाची आणि झडप पुन्हा बंद करावयाची. २००५ च्या खेपेचे नमुने पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि हैदराबादची पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र संस्था अशा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तपासले गेले. जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. त्यांतील एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉएल यांचे नाव देण्यात आले. २००९ मध्ये हे जाहीर करताना इस्रोने हेही सांगितले की, यावरून या जीवांचा उगम पृथ्वीबाहेरचा असल्याचे निर्णायकपणे ठरत नाही. जीव मिळाला, तो कोठला हे सांगण्याची सोय नळीत नव्हती. विज्ञानकथेत परग्रहावरचा पाहुणा खुशाल दारात उभा करणाऱ्या लेखकाचा हा प्रयोग होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या संयमाचे मोल अधिक कळते.

आम्हांला या साऱ्यातून जो विचार सुचतो तो उपकरणांपुरता मर्यादित नाही. आपण वर्गात कवितेला प्रश्न विचारतो ते कोणते? बहुधा ज्यांच्या उत्तराला गुण देता येतात तेच. रस कोणता, अलंकार कोणता, मध्यवर्ती कल्पना काय. अशा प्रश्नांना कविता उत्तर देते, तेही खरे असते, आणि आपण समाधानाने पान उलटतो. एखादा विद्यार्थी त्या प्रश्नांत न बसणारे काही घेऊन येतो तेव्हा आपण काय करतो? धुलाईचा डाग म्हणून ते बाजूला सारतो, की परक्लोरेटसारखे एखादे अज्ञात द्रव्य तेथे असेल म्हणून नोंदवून ठेवतो? व्हायकिंगच्या शास्त्रज्ञांच्या बाजूने एवढे तरी म्हटले पाहिजे की, त्यांनी जे डाग समजले तेही आकड्यांसह जपून ठेवले. म्हणूनच चौतीस वर्षांनी ते पुन्हा वाचता आले. चुकीचा अर्थ लावणारा वाचक परवडतो. न पटलेली ओळ खोडून टाकणारा परवडत नाही.

व्हायकिंग-१ शी शेवटचा संपर्क नोव्हेंबर १९८२ मध्ये झाला. छायाचित्रण विभागाचे प्रमुख टॉमस मच १९८० मध्ये हिमालयातील नून शिखरावरून उतरताना गेले आणि त्या यानाला त्यांचे नाव देण्यात आले. विश्नियाक यांच्या नावाचे एक विवर मंगळावर आहे. ज्यांचे यंत्र मंगळावर गेले नाही त्यांचे नाव तेथे पोहोचले. ती पेटी अजून क्रायसीच्या मैदानावर, जेथे उतरली तेथेच आहे, आणि तिच्या बंद कप्प्यांत १९७६ साली उचललेली माती तशीच आहे. तिला पुढचा प्रश्न कोण विचारील आणि तो कोणत्या शब्दांत असेल, हे ठरावयाचे आहे.